दूध उकळले म्हणजे किरणोत्सर्ग जातो का?

प्रश्न : आमच्या घरी दोन म्हशी आहेत. अणुभट्टीच्या अपघातानंतर दुधात किरणोत्सर्ग उतरतो, असे वाचनात आले. दूध नीट उकळल्यास नातवंडांना धोका राहत नाही ना? (एक आजी, अमळनेर)

उत्तर : आजी, उकळल्याने जंतू मरतात, किरणोत्सर्ग मात्र जात नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी आजच्या युक्रेनमधील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा हवेतून पसरलेले आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी द्रव्य गवतावर बसले, चरणाऱ्या गाईंच्या पोटात गेले आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. त्या वेळी लहान असलेल्या हजारो जणांना पुढे या ग्रंथीचा कर्करोग झाला, आणि त्यात मोठा वाटा वेळेवर न थांबवलेल्या दुधाचा होता, हे आजही मनाला लागते. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे होते; म्हणून अशा प्रसंगी जनावरांना बाहेर न चारता, आधीच झाकून साठवलेला चारा घालतात. अशा अपघातात पसरणारे दुसरे किरणोत्सर्गी द्रव्य, सीझियम-१३७, निम्मे व्हायला मात्र सुमारे ३० वर्षे लागतात.

असा अपघात झालेला नसताना आपल्या म्हशींच्या दुधाविषयी ही भीती बाळगण्याचे कारण नाही. पोटॅशियम-४० हे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य प्रत्येक दुधात निसर्गतःच असते, त्याने अपाय होत नाही. नातवंडांचे दूध कृपया बंद करू नका, आणि जंतूंसाठी ते उकळत राहा.