कोरल सोडून इंकस्केप?

प्रश्न: आमचं लग्नपत्रिका नि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन परवडत नाही. त्याच कामाच्या फुकटच्या इंकस्केपवर भागेल का?

उत्तर: बऱ्यापैकी भागेल, पण एकदम उडी मारू नका. इंकस्केप २००३ पासून आहे, लोगो, बॉर्डर, गणपतीची लाइन आर्ट सगळं मस्त होतं आणि युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीतली) मराठी सरळ टाइप होते, जोडाक्षरंही नीट येतात. खरी गोची रंगांची, कारण ते मुळात स्क्रीनच्या आरजीबी रंगांवर चालतं आणि ऑफसेटवाल्याला लागतं सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग), मग फाइल स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये (तेही फुकटच) नेऊन तिथून पीडीएफ काढायची, म्हणजे एक उद्योग वाढला. फ्लेक्सला एवढं अडत नाही, तरी आधी एक नमुना छापून बघाच.

आणि तुमच्या जुन्या सीडीआर (कोरलच्या) फाइली? उघडतात, पण इफेक्ट बिघडू शकतात, आणि जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर, तो फाँट मशीनवर नसेल तर, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून कोरल हाताशी आहे तोवर मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून) एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपला चालणारी फाइल, काढून ठेवा. मूळ फाइल मात्र डिलीट करू नका हां, कर्व्ह केलेल्यात नवरीचं नाव बदलता येत नाही!