पवित्र, कमला की वेताळ? घरातल्या वादात आईनं कुठं उभं राहावं

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. सासर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. रविवारी तिकडं सकाळ असते, इकडं संध्याकाळचा चहा झालेला असतो, व्हिडिओ कॉल लागतो आणि दोन्हीकडची मुलं कॉमिक्सवरून हमरीतुमरीवर येतात. इथल्या चौदा वर्षांच्या पुतण्याचं म्हणणं, सगळ्या स्पायडरमॅनमध्ये पवित्र प्रभाकर एक नंबर, कारण तो आपला. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाला ब्रुकलिनचा माइल्स मोरालेस हवा. दहा वर्षांच्या मुलीची लाडकी कमला खान, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली मिस मार्व्हल. त्यावर तिच्या काकांनी मागून विचारलं, पाकिस्तानी पोरगी आपली कशी? आजोबांच्या मते वेताळापुढं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमपुढं, हे सगळे पोरकट. मागच्या खेपेला मुलगा चिडून उठून गेला आणि आता कॉलवर यायचंच टाळतो. आई दोन गोष्टी विचारते. मुलांना आपली पात्रं आवडावीत म्हणून आग्रह धरावा का? आणि हा वाद थांबवायचा कसा?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. थांबवू नका. परदेशातल्या किती घरांत रविवारचा कॉल म्हणजे ‘जेवलास का, अभ्यास काय म्हणतो, आजीला नमस्कार कर’ एवढ्यावर संपतो. तुमची मुलं त्या कॉलवर मराठीतून मुद्दा मांडतात, खोडतात, आजोबांना प्रतिप्रश्न करतात. रविवारच्या मराठी शाळेत हे शिकवता येत नाही. वाद चालू द्या, फक्त मुलगा उठून का गेला ते नीट बघा.

पत्रात तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. हॅलोविनला त्याच्या मित्रांनी मिळून स्पायडरमॅन व्हायचं ठरवलं आणि पवित्र त्याच्या वाट्याला आला, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता त्याच्या जागी उभं राहून बघा. शाळेत सांगतात, तू भारतीय, म्हणून हा तुझा. घरी चुलतभाऊ सांगतो, तू मराठी, म्हणून हा तुझा. दोन्हीकडून तेच माप त्याच्या अंगावर धरलं जातंय. तो पवित्रवर चिडलेला नाही. आपली आवड दुसऱ्यानं ठरवल्याचा त्याला राग आहे आणि तो राग रास्त आहे. तेव्हा आग्रह धरू नका. माइल्सचे वडील आफ्रिकन अमेरिकन, आई पोर्तो रिकोची; दोन घरांच्या दोन तऱ्हा सांभाळत शाळेत जाणारा मुलगा तुमच्या मुलाला जवळचा वाटला तर त्यात मराठीपण कुठंही कमी होत नाही.

पण पुतण्याचं म्हणणंही उडवून लावू नका. पडद्यावर आपल्यासारखं नाव ऐकून ज्याची छाती फुगली, त्या मुलाला ‘त्यात काय एवढं’ म्हणणं बरोबर नाही. त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारायला शिकवायचं: ज्यांनी हा काढला, त्यांनी आपल्याकडं नीट बघून काढला का? मी चित्रकला शिकवतो आणि माझ्या मते प्रतिनिधित्वाचा सगळा वाद इथं येऊन ठरतो. नाव, कपाळावरचं गंध, धोतर हे कुणालाही चिकटवता येतं. बघितल्याशिवाय काढता येत नाहीत त्या बारीक गोष्टी.

पवित्रवरच हे लावून बघा. तो 2004 मध्ये आला, भारतीय वाचकांसाठी काढलेल्या चार अंकांच्या मालिकेत. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग ही तिघं त्यामागं होती. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला पोरगा, धोतर नेसलेला, एका योग्याकडून शक्ती मिळालेला. मूळ स्पायडरमॅनच्या आत्या मेचं झालं माया, अंकल बेनचं झालं भीम, मेरी जेनची झाली मीरा जैन. म्हणजे साचा न्यूयॉर्कचाच, वर नावं आपली. शहरात आलेल्या मुलाची कपड्यांवरून होणारी चेष्टा त्यात आहे, ती खरी वाटते. बाकी बरंच काही योगी आणि राक्षस यांच्यावर भागवलेलं आहे. 2023 च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशन सिनेमातला पवित्र वेगळा. तो बोलघेवडा आहे, स्वतःवर खूष आहे आणि मुंबई-मॅनहॅटनच्या मिश्रणातून उभ्या केलेल्या मुंबॅटनच्या ट्रॅफिकमध्ये मजेत उड्या मारतो. दोघांना हे दोन पवित्र शेजारी ठेवून बघायला सांगा. एकाच नावाची दोन पात्रं, मग फरक कशानं पडला? कुणाचा पवित्र बरा, यापेक्षा हे भांडण जास्त रंगेल.

आणि इथं आजोबांना मध्ये घ्या. त्या सिनेमातल्या मुंबॅटनच्या चित्रशैलीसाठी कलाकारांनी ज्या जुन्या भारतीय कॉमिक्सचा आधार घेतला, ती इंद्रजाल कॉमिक्स! टाइम्स ऑफ इंडियाची, मार्च 1964 मध्ये वेताळापासूनच सुरू झालेली आणि मराठीतही निघालेली. आजोबांनी लहानपणी जे रंग पाहिले, तेच नातू थिएटरात पाहून आला आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. पुढच्या रविवारी एवढं सांगून बघा. ‘हे सगळे पोरकट’ म्हणणारे आजोबा मुंबॅटनचा तुकडा पुन्हा लाव म्हणतील असं मला वाटतं.

वेताळाबद्दल मुलांनी आजोबांना कठीण प्रश्नही विचारले पाहिजेत आणि आजोबांनी ते ऐकून घेतले पाहिजेत. ली फॉक यांनी 1936 मध्ये तो निर्माण केला. जंगलातल्या लोकांचं रक्षण करायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस लागतो आणि ती माणसं त्याला अमर समजून भितात, ही त्या कथेची चौकट आहे. तुमचा तेरा वर्षांचा मुलगा हे लगेच पकडेल. पण त्याला हेही कळू द्या की इथले संपादक हातावर हात ठेवून बसले नव्हते. मूळ कथेत वेताळाचा मुलूख ‘बंगाली’ आणि त्याचे वैरी सिंग चाचे. भारतीय आवृत्तीत त्या मुलखाचं डेंकाली झालं आणि चाचे ‘सिंगा’ झाले, कारण बंगाल आणि सिंग म्हटल्यावर इथल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खरी माणसं आली असती. पुढं 1976 मध्ये त्याच इंद्रजालनं आबिद सुरतींचा बहादूर आणला. गावाला डाकूंपासून वाचवणारा, कुर्ता आणि जीन्समधला देशी नायक. आजोबांना बहादूर आठवतोय का, विचारा. माझा अंदाज, वेताळाच्या आधी त्याच्याबद्दल बोलायला लागतील.

आता कमला. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण तुमच्या मुलीचा आनंद एका वाक्यात मोडला गेलाय आणि ती दहाच वर्षांची आहे.

दिरांना वाईट ठरवू नका. त्यांच्या मनात देश आणि सीमा आहे, ती त्यांनी जगलेल्या बातम्यांमधून आली आहे. पण तुमच्या मुलीनं देश निवडलेला नाही. कमला खान राहते जर्सी सिटीत, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. 2014 मध्ये तिची स्वतःची मालिका सुरू झाली आणि तिच्या पहिल्या खंडाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. लेखिका जी. विलो विल्सन, संपादक सना अमानत. अमानत स्वतः न्यू जर्सीत पाकिस्तानी घरात वाढलेल्या, त्यामुळं कमलाचं घर ऐकीव नाही. रात्रीच्या पार्टीला जाऊ न देणारे आईवडील, त्यांच्या डोळा चुकवून गेलेली मुलगी, डब्यातल्या जेवणावरून नाक मुरडणारा वर्ग, धार्मिक वळणाचा भाऊ आणि हे सगळं असूनही माणसांनी भरलेलं, प्रेमाचं घर. एडिसनमधली कुठलीही मराठी मुलगी यात स्वतःचं स्वयंपाकघर ओळखेल.

आणि त्या कथेतलं सर्वांत चांगलं वळण बघा. शक्ती मिळाल्यावर कमला पहिल्यांदा जे रूप घेते ते सोनेरी केसांच्या कॅप्टन मार्व्हलचं. हिरो म्हणजे तशीच दिसणार, अशी तिची समजूत. त्या रूपात ती एका मुलीला वाचवतेसुद्धा, पण ते रूप तिला आपलं वाटत नाही आणि हळूहळू ती स्वतःच्या चेहऱ्यानं लढायला शिकते. गोऱ्या वर्गात बसणाऱ्या आपल्या मुलीला हे वाचायला मिळतंय, ते काढून घेऊ नका.

भाऊजींशी तुम्ही वाद घालत बसू नका, त्यातून फक्त मोठ्यांचं भांडण उभं राहील. मुलीलाच सांगा, काकांना पहिला अंक दाखव. पानं कॅमेऱ्यासमोर धरायची, इंग्रजी वाचायचं आणि गोष्ट मराठीत सांगायची. पुतणीचं बोलणं काका मध्येच तोडतील असं वाटत नाही. पटलं नाही तरी तिला काय आवडतं आणि का, हे त्यांना कळेल. तुमच्या यजमानांनी मात्र आधी भावाला फोन करून एवढं जरूर सांगावं की पोरीला त्या दिवशी लागलं. हे काम सुनेवर टाकू नये.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, मे महिन्यात इकडं आल्यावर अमर चित्र कथेचा पूर्ण संच न्यावा का. न्या. अनंत पै यांनी 1967 मध्ये ती सुरू केली तेव्हा त्यांचंही दुखणं तुमच्यासारखंच होतं: मुलांना ग्रीक पुराणं माहीत, घरची नाहीत. पण देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा संच ठेवू नका. मुलांना सांगा, कुणाचा रंग गोरा आहे आणि कुणाचा काळा ते बघा. असुर आणि खलपुरुष गडद, भले लोक उजळ, ही खोड त्या जुन्या अंकांमध्ये वारंवार दिसते आणि अभ्यासकांनी तिच्यावर बरंच लिहिलंय. मार्व्हलला जो प्रश्न विचारायचा तो आपल्या कॉमिक्सलाही विचारला पाहिजे. ज्या मुलाला परक्यांनी केलेलं चुकीचं चित्रण दिसतं, त्याला आपण दुसऱ्यांचं केलेलंही दिसू दे.

संचाबरोबर ‘भीमायन’ घ्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यांच्या परंपरेच्या रेषेत काढले आहेत. चौकोनी चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिगणा नक्षीसारख्या वळणदार रेषा पानभर फिरतात. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. कॉमिक्समध्ये आपली माणसं कशी यावीत यावर इतकं ठोस उत्तर मला दुसरं माहीत नाही. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेल्या लहान भीमाला मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान मिळेना, तो प्रसंग त्यात आहे. पुण्याहून कोल्हापूरला येणारी रेल्वे मसूरवरूनच जाते. मुलांना खिडकीपाशी बसवा. आणि इथं आल्यावर अर्धा दिवस काढून हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला न्या. मार्च 1920 मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं.

धाकटीच्या वाचनासाठी ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ही चित्रमालिका 1991 पासूनची. तीन-चार चौकटी, छोटी वाक्यं, जोशी काकू, घरातली रोजची मराठी. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी याहून सोपी सुरुवात नाही.

कोल्हापुरात असताना मुलांना एक काम द्या, आणि ते चुलतभावाबरोबर. दोघांनी मिळून एका पानाचं कॉमिक काढायचं, नायक कोण ते त्यांनी ठरवायचं, जागा मात्र कोल्हापूरची हवी आणि ती जाऊन बघितलेली हवी. कुस्तीच्या खासबाग मैदानात जाऊन उतरत्या बैठकीवरून खालच्या हौद्याकडं बघा, वरून माणूस केवढा दिसतो ते मोजा. गंगावेशीत संध्याकाळी म्हशीचं दूध ग्लासात पडतं तेव्हा फेस कसा वर येतो ते काढून बघा. पन्हाळ्यावर शिवा काशीदांच्या पुतळ्यापाशी थांबा. दुसऱ्याचं रूप घेऊन मरणाला सामोरा गेलेला माणूस कॉमिक्समध्ये कसा काढायचा, हा प्रश्न दोघांनाही झोपू देणार नाही. राजारामपुरीतल्या, नट आणि चित्रकार असलेल्या चंद्रकांत मांडरे यांच्या कलासंग्रहालयात एक चक्कर मारा. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या गावात सिनेमा आणि चित्र एकाच हातातून आलंय, हे मुलांना कळलं पाहिजे.

चित्र कोण काढतो आणि फुग्यातला मजकूर कोण लिहितो यावरून परत भांडण होईल. पुतण्याला लिहू द्या आणि तुमच्या मुलाला काढू द्या, म्हणजे एकाची मराठी आणि दुसऱ्याची नजर दोन्ही लागेल. धाकटीला रंग द्या आणि कातडीचा रंग कुठला लावायचा ते तिनंच ठरवू दे. पान अर्धवट राहिलं तर राहू द्या. एडिसनला परत गेल्यावर पुढच्या चौकटी रविवारच्या कॉलवर काढता येतील. फक्त तेव्हा फोन आजोबांच्या हातात नको, टेबलावर उभा करून ठेवा, म्हणजे दोन्हीकडच्यांना कागद दिसेल.