कोलकात्याच्या पहिल्या मेट्रोला २३ वर्षं लागली, ती आळसामुळे का?

"दिल्लीची मेट्रो चार वर्षांत धावली, कोलकात्याला १७ किलोमीटरसाठी २३ वर्षं लागली. बंगाल्यांचा आळस हेच कारण ना?" असा तुमचा प्रश्न आहे. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना. आळस हे कारण नाही. मी ते काम डोळ्यांनी बघितलंय.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. १९७९ साली बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो आणि १९८२ साली आमची पलटण कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये गेली. आता त्या किल्ल्याचं नाव विजयदुर्ग केलंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

तर १९८२ मधला एक रविवार. मी आणि निपाणीकडचा एक जोडीदार काळीघाटला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. रस्ता सगळा उकरलेला. पत्र्याच्या कुंपणापलीकडं खड्डा आणि अलीकडच्या चिंचोळ्या पट्टीवरून बस, हातरिक्षा आणि माणसं सरकत होती. तेवढ्यात कुंपणाआडून कुणीतरी ओरडलं, "ए, निल्लो, निल्लो!"

कन्नड! 'थांब, थांब' असं म्हणत होता. बेळगावात कन्नड कानावर पडलं की आमच्या मनात सीमावादाच्या पाट्या, मोर्चे आणि कोर्टातली केस येते. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेला माणूस आहे. पण घरापासून दोन हजार किलोमीटरवर ते दोन शब्द ऐकले आणि गावचा कुणी भेटल्यासारखं वाटलं. कुंपणाच्या फटीला तोंड लावून मी विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? आतला माणूस हातातलं काम सोडून धावत आला. गोकाकचा फिटर होता. त्यानं मुकादमाला सांगून आम्हांला आत घेतलं आणि देवीचं दर्शन दुपारवर गेलं.

आत जे बघितलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे. जमिनीत एक चर खणलेला, रुंदी दोन-अडीच फूट, खोली चार मजली घर उभं बुडेल एवढी. तो चर रिकामा नव्हता. बेंटोनाइट नावाच्या मातीचं पाणी त्यात काठोकाठ भरलेलं, आंबिलीसारखं दाट. मी बोट बुडवून बघितलं, साबणासारखं बुळबुळीत लागलं. तो फिटर, आमचा अण्णा, म्हणाला, हे पाणी काढलं तर दोन्ही बाजूंची माती ढासळेल आणि शेजारची घरं खड्ड्यात येतील. कोलकात्याची जमीन म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ, आणि थोडं खणलं की पाणी. आमच्या खानापूरच्या जांभ्यात विहीर कातरावी तसं तिथं चालत नाही. मग क्रेननं लोखंडी सळ्यांचा अखंड पिंजरा त्या आंबिलीत सोडला. पाइप तळापर्यंत नेऊन खालून काँक्रीट ओतायला सुरुवात झाली. काँक्रीट जड, ते तळाशी बसत जातं आणि बेंटोनाइट वर येऊन उतू जातं. अशी भिंतीची एक पट्टी तयार होते. मग शेजारची पट्टी, मग तिच्या शेजारची. दोन्ही बाजूंच्या भिंती झाल्या की मधली माती उपसायची, आडव्या लोखंडी तुळयांचे टेकू देत देत खाली जायचं, बोगद्याचा तळ आणि छत ओतायचं, वर माती भरून रस्ता पुन्हा करायचा. अण्णानं सांगितलं की सिमेंट आलं नाही म्हणून आदल्या साली त्यांना तीन आठवडे नुसतं बसवून ठेवलं होतं. हे सांगताना त्याला राग आला होता. आळशी माणसाला काम नसल्याचा राग येत नाही.

२९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींनी पायाभरणी केली तेव्हाचा अंदाज होता १४० कोटींचा. पण सुरुवातीची पाच-सहा वर्षं पैसा थेंबाथेंबानं आला. त्यात रस्त्याखाली इंग्रजांच्या काळातली विटांची गटारं, पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या, टेलिफोनच्या तारा. हे सगळं आधी बाजूला हलवायचं, आणि तेही शहर चालू ठेवून. वर कोर्टाचे स्थगिती आदेश. पुढं मालद्याचे घनी खान चौधुरी रेल्वेमंत्री झाले, त्यांनी जोर लावला आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरवर गाडी धावली. भारतातली पहिली भुयारी रेल्वे.

तिसऱ्या दिवशी मी त्या गाडीत बसलो. बोगद्यातून गार वारा येत होता. लोक दारात उभे राहून हात जोडत होते. मी भवानीपूरला उतरलो आणि स्टेशनच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. तिच्या मागं काय आहे ते मला माहीत होतं. पुढच्याच बुधवारी इंदिराजींची हत्या झाली आणि आमच्या सगळ्या रजा रद्द झाल्या. दमदम ते टॉलीगंज हा सगळा मार्ग, १६.४५ किलोमीटर, पुरा झाला २७ सप्टेंबर १९९५ ला.

आता दाजी. ते रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. १९९५ साली मी सुट्टीवर आलो तेव्हा पेपरातली ती बातमी वाचून भर पंगतीत म्हणाले, "तेवीस वर्षं! लाल बावटेवाले आणि आळशी लोक. मी असतो तर पाच वर्षांत करून दाखवलं असतं." मी अण्णाची गोष्ट सांगितली, तर हसले. ह्याच दाजींनी घाईनं बांधलेली मोरी पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली होती आणि गावच्या पोरांना महिनाभर ओढ्यातून शाळेला जावं लागलं होतं. तेव्हा पाहुण्यांसमोर मी हे बोललो नाही. आज बोलतो.

दिल्लीची तुलनाही खरी नाही. २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी जी गाडी सुटली ती जमिनीवरून आणि खांबांवरून गेली, जमिनीखालून नाही. दिल्लीतली पहिली भुयारी गाडी डिसेंबर २००४ मधली. तिथं स्वतंत्र कंपनी होती, जपानचं मोठं कर्ज होतं, बोगदे पोखरणारी यंत्रं होती. आणि ते उभं करणारे ई. श्रीधरन १९७० च्या सुमारास कोलकाता मेट्रोच्या आखणीवर काम करून आलेले. मधे त्यांनी आपली कोकण रेल्वे बांधली. दिल्लीनं जे पटकन केलं त्याची शिकवणी कोलकात्यात झाली होती.

संप, राजकारण काहीच नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं. पण यंत्रं आल्यावरही तिथली जमीन सोपी झाली नाही. हुगळीखालून जाणाऱ्या नव्या मार्गाचं काम २००९ साली सुरू झालं. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बहुबाजारात यंत्र पाणी धरलेल्या थरात शिरलं आणि वरची जुनी घरं कोसळली. नदीखालची गाडी मार्च २०२४ ला धावली आणि पूर्ण मार्ग ऑगस्ट २०२५ ला.

तुम्ही सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर एकदा कोलकात्याला जा आणि काळीघाट स्टेशनात उतरा. वेळापत्रकावरून माणसांची किंमत करू नका, आधी पैसे कधी आले त्याची तारीख बघा. हे उत्तर मी दाजींनाही पाठवतोय. ते अजून मानत नाहीत. तुम्ही तेवढा प्रश्नातला 'आळस' हा शब्द काढून टाका.