साथ जुनी झाली की नरमते का?

प्रश्न : साथ जुनी झाली की नरमते, असं आजी म्हणायची. ज्याच्या अंगात राहायचं त्या यजमानाला मारून जंतूचा काय फायदा, हेही पटतं. हे गणिताने दाखवता येतं का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, इस्लामपूर

उत्तर : आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण जंतू कुणाला सांभाळून घेत नाही, त्याचा फक्त प्रसार मोजला जातो. हा धडा घेताना मी फळ्यावर आधी ससा काढते.

ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणं फस्त केली, म्हणून १९५० मध्ये तिथे मिक्झोमा विषाणू सोडला. सुरुवातीला १०० तले ९९ हून जास्त ससे मरत. सशाच्या पापण्या सुजतात, अंगावर गाठी येतात. गाठीवर डास बसला की विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो आणि पुढच्या सशात टोचला जातो, बस्स.

आता वही घे. रोजची लागण गुणिले आजारपणाचे दिवस, म्हणजे एका आजारी सशाकडून एकूण किती सशांना लागण होते ते. समजा, जहाल स्ट्रेन (विषाणूचा वाण) : ०.५ × १२ = ६. मधला : ०.४ × २२ = ८.८. सौम्य, म्हणजे सोंडेला फारसा न चिकटणारा : ०.१ × ४० = ४. मधला पुढे जातो. प्रत्यक्षातही तेच झालं. विषाणूतज्ज्ञ फ्रँक फेनर यांनी विषाणू गोळा करून तपासले, तेव्हा काही वर्षांतच १७ ते २८ दिवसांत मारणारे स्ट्रेन सगळीकडे पसरले होते. १९८२ मध्ये अँडरसन आणि मे या संशोधकांनी हीच आकडेवारी समीकरणात बसवली. पण हा 'मधला'सुद्धा शंभरात ७० ते ९५ ससे मारत होता! याला नरमणं कसं म्हणायचं?

आणि ससे काही स्वस्थ बसले नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या उराना तळ्याकाठच्या सशांना एकच ठरावीक स्ट्रेन टोचून पाहिला, तेव्हा सात साथींनंतर मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांवरून २५ वर आलं होतं. जे तगले त्यांचीच पिल्लं पुढे वाढली. माझे विद्यार्थी इथेच थांबतात, विषाणूचं एकच समीकरण सोडवून मोकळे होतात. ससा बदलला की विषाणूचा हिशेबही बदलतो, म्हणून विषाणूचं आणि सशाचं अशी दोन्ही समीकरणं एकत्रच सोडवावी लागतात.

करून बघ. तगडा ससा सौम्य स्ट्रेन १५ दिवसांत झटकतो, मधला १४ दिवसांत. जहाल मात्र त्याला लवकर मारू शकत नाही, २० दिवस अंगात राहतो. वरचेच लागणीचे आकडे ठेवून गुणाकार कर. उत्तरं १.५, ५.६ आणि १० येतील. ऑस्ट्रेलियात पुढच्या दशकांत गोळा केलेले काही विषाणू प्रयोगशाळेतल्या साध्या, म्हणजे असे तगडे न झालेल्या सशांना पुन्हा तितकेच घातक का ठरले, ते या १० मध्ये दिसेल.