चिखलदऱ्याला भाड्याने द्यायला घर बांधावं का? माझं उत्तर

तुमचा प्रश्न असा की प्लॉट विकून साठेक लाख हातात येऊन राहिले, त्यात चिखलदऱ्याला चार खोल्यांचं घर बांधून एअरबीएनबीवर लावलं तर चालेल का, कारण यूट्यूबवर एक अमेरिकन सांगून राहिला होता की ट्रेकिंग, सायकलिंग, जंगल फिरणं वाढलं की डोंगरातल्या भाड्याच्या घरांना मागणी वाढतेच. मी परतवाड्याच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी वावरातच दोन खोल्या चालवतो आणि वरच्या एक-दोन जणांचा हिशोबही पाहतो, त्या अनुभवावर लिहितो.

तो अमेरिकन खोटं नाही बोलत भाऊ. त्यांच्याकडे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं नॅशनल पार्क आहे, २०२३ साली तिथे १ कोटी ३० लाखांच्या वर भेटी झाल्या. आता गंमत अशी की एवढ्या मोठ्या पार्कच्या आत छपराखाली झोपायची सोय म्हणजे डोंगरावरचा एकच लॉज, आणि तिथेही पायी चढूनच जावं लागतं, त्यामुळे तंबू ठोकणारे सोडले तर बाकी सगळी गर्दी बाहेर गॅटलिनबर्ग, पिजन फोर्ज अशा गावांत झोपते आणि तिथल्या लाकडी केबिनवाल्यांचं फावतं. वरून पायवाटा शेकडो मैलांच्या, एका दिवसात काहीच होत नाही, म्हणून माणूस तीन-चार रात्री काढतो. कोलोरॅडोकडे तर हिवाळ्यात स्की आणि उन्हाळ्यात सायकल, असे दोन दोन सीझन.

आपल्याकडे कसं आहे? जुलै-ऑगस्टच्या रविवारी घाटात या एकदा. धामणगाव गढीपासून गाड्यांची रांग, अर्धी अमरावती वर, अर्धी अकोल्याहून, आणि ते पाहून कोणालाही वाटतं की इथे घर बांधलं म्हणजे पैसाच पैसा. पण हे लोक करतात काय? भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, गाविलगडाच्या दरवाजापाशी फोटो, भुट्टा, रबडी, अन् संध्याकाळी उतरले खाली. अमरावती शंभर किलोमीटरच्या आत आहे, सकाळी निघून रात्री जेवायला घरी पोहोचतो माणूस, तो खोलीचे दोन हजार कायले देईल? पॉइंट पाहायला रात्र लागतच नाही. दरीवरच्या काचेच्या स्कायवॉकचंही तेच, लोक स्कायवॉक स्कायवॉक करून राहिले पण त्यावरून चालायला किती वेळ लागतो? भुट्टेवाल्याचा धंदा होईल, पार्किंगवाल्याचा होईल. खोलीवाल्याचा धंदा रात्रीवर चालतो, आणि रात्र तेव्हाच मिळते जेव्हा माणसाला पहाटे तिथे हजर असणं भाग असतं.

ताडोबा बघा ना. ना डोंगराची हवा ना थंडावा, मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन म्हणजे भट्टी, तरी मोहर्ली आणि कोलारा गेटपाशी खोल्या भरतात. कारण सकाळची सफारी उजाडताच सुटते, नागपूरहून अंधारात निघून वेळेवर गेट गाठायची रिस्क कोणी घेत नाही, मुंबई-पुण्याचा तर प्रश्नच नाही, आणि एका सफारीत वाघ दिसेलच असं नसल्याने लोक दोन-तीन सफाऱ्या बुक करतात म्हणजे आपोआप दोन रात्री. मंगळवारी गाभ्यातली सफारी बंद, तर सोमवारी रात्री बऱ्याच खोल्या रिकाम्या. इतकं सरळ गणित आहे ते.

चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटाच्या जंगलात रात्र काढायला लावणाऱ्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. सेमाडोह, हरिसाल, शहानूर इकडच्या सफाऱ्या आहेत, कोलकासला हत्तीवरची फेरी आहे, बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून रात्रभर प्राणी पाहायचा निसर्गानुभव असतो. आणि एक जमात आहे जी मला सगळ्यात आवडते, पक्षी पाहणारे. रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, जगातून संपला असं समजत होते तो १९९७ साली पुन्हा सापडला, तो नंदुरबारकडे, पण मग मेळघाटातही दिसला, आणि हा पिंगळा दिवसा फिरणारा आहे, त्याच्यासाठी बंगलोर-पुण्याहून लोक भल्या मोठ्या लेन्स घेऊन येतात आणि पहिल्या दिवशी दिसला नाही तर चुपचाप दुसरी रात्र थांबतात. डीजे मागत नाहीत, पहाटे साडेचारला चहा मागतात बस. पण एवढी गिऱ्हाईकं पुरे नाहीत, आणि सेमाडोह-कोलकासला वनखात्याची स्वतःची राहायची सोय आहे जंगलाच्या आतच, म्हणजे स्मोकीच्या उलट, त्यामुळे जंगलासाठी आलेला माणूस आधी तिथे बुकिंग पाहतो, ते नाही मिळालं तर तुमच्याकडे.

आणि सगळ्यात मोठी गोची सीझनची आहे. चिखलदऱ्याला गर्दी पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातच जंगलाचे बरेच रस्ते बंद, ताडोब्यातही गाभ्यातली सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असते. म्हणजे माणसं येतात तेव्हा थांबायचं कारण नसतं, आणि कारण असतं तेव्हा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, येणारे मोजके. उन्हाळ्यात हवा छान असते वर, अकराशे मीटरवर आहे शेवटी, खाली अकोला पंचेचाळीसला भाजून निघतं, पण तेव्हा पाणी नसतं. चिखलदरा तालुक्यातल्या गावांना दर उन्हाळ्यात टँकर लागतात हे पेपरात वाचलंच असेल, मग तुमचे गेस्ट दोन वेळ शॉवर घेणार ते पाणी कुठून आणाल आणि शेजारच्या बाया हंडा घेऊन उभ्या असताना ते बरं दिसेल का हेही पाहा.

आता हिशोब, आकडे समजायला धरले आहेत. चार खोल्या, दोन हजार भाडं. शनिवारच्या रात्री वर्षाला ५२, दिवाळी, नाताळ, जोडून सुट्ट्या धरून ८० करू. सगळ्याच्या सगळ्या भरल्या असं मानलं (भरत नाहीत) तरी ६ लाख ४० हजार. त्यातून ॲपचं कमिशन १५ टक्के धरलं तर लाखाच्या जवळपास, केअरटेकरला महिना १२ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार, लाइट बिल, टँकर, धुणं, पावसाळ्यानंतर भिंतींना येणारी बुरशी काढून रंग देणं हे अजून लाखभर. राहिले तीन लाखाच्या आसपास. तुमचे साठ लाख साडेसहा टक्क्याने बँकेत ठेवले तर ३ लाख ९० हजार येतात घरी बसून. पण हेच घर मधल्या वारांना ६० रात्री, दोन-दोनच खोल्या का होईना, गेलं तर २ लाख ४० हजार जास्तीचे, आणि केअरटेकरचा पगार तोच राहतो, तिथे धंदा बँकेच्या पुढे जातो. म्हणून सगळा खेळ सोमवार ते गुरुवारचा आहे, आणि त्या वारांना पॉइंट पाहणारा येत नाही, सफारीवाला, पक्षीवाला, सायकलवाला, गाविलगड-नरनाळा पायी फिरणारा, हेच येतात.

जमिनीचं मात्र नीट ऐका. चिखलदरा आणि धारणी हे अनुसूचित क्षेत्र, कोरकू लोकांच्या जमिनी बऱ्याच, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आडवं येतं, परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. "एखाद्या कोरकूच्या नावावर घेऊ, कागद आपल्याकडे ठेवू" असं सांगणारे दलाल भेटतील, त्यांच्यापासून दूर राहा, कायद्याच्याही दृष्टीने आणि माणुसकीच्याही. बाकी शेतजमीन घ्यायची तर विदर्भाचा कूळ कायदा वेगळा, १९५८चा, शेतकरी नसाल तर थेट घेताच येत नाही. चिखलदरा आणि जवळच्या काही गावांसाठी नियोजन प्राधिकरण सिडको आहे, बांधकामाची परवानगी तिथून, वरून व्याघ्र प्रकल्पाभोवतीचे नियम वेगळे. मुंबईवाला "सगळं क्लिअर आहे" म्हणून प्लॉट दाखवतो त्याला बिगरशेतीचे (एनए) कागद आणि मंजूर लेआउट मागा, चेहरा पाहून समजेल.

अमेरिकेतही सगळं गोड नाही, २०१६च्या वणव्यात गॅटलिनबर्गच्या बाजूला १४ माणसं गेली आणि दोन हजारांच्या वर इमारतींचं नुकसान झालं, आणि ब्रेकेनरिजसारख्या स्कीच्या गावाने तर अशा भाड्याच्या घरांच्या लायसन्सवर मर्यादा घातली. हे व्हिडिओत सांगत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर साठ लाख वर नसते नेले. तुमच्या प्रोफाइलवर अचलपूर तालुका लिहिलंय, घरचं वावर असेल तर तिथेच नियमात बसवून दोन खोल्या, दहा-बारा लाखांत, बोअरला पाणी असेल अशा धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ. किंवा अकोटच्या बाजूने शहानूरकडे पाहा, नरनाळा किल्ला आणि सफारीचं गेट दोन्ही तिथेच, आणि गर्दी चिखलदऱ्याच्या मानाने कमी. पैसे भिंतीत कमी घाला आणि माणसात जास्त, जंगल ओळखणारा एक कोरकू पोरगा पगारावर ठेवा, दुसऱ्या रात्रीचं कारण तोच देतो. हिवाळ्यात रोडगे आणि वांग्याचं भरीत ठेवा, पुण्याचे लोक त्याच्यासाठी एक मुक्काम वाढवतात, मी पाहिलंय. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी होते का ते विचारा, पाहुण्यांचं रजिस्टर आणि ओळखपत्राची झेरॉक्स पहिल्या दिवसापासून ठेवा.

आधी सातबारा काढून जमीन वर्ग १ (मोकळी विकता येणारी) आहे का वर्ग २ (व्यवहाराला सरकारी परवानगी लागणारी) ते पाहा आणि इथे लिहा, बांधायचं काय ते मग बोलू.