वाचक विचारतात : शाळा सुटू नये म्हणून

प्रश्न : मी नववीची वर्गशिक्षिका आहे. दिवाळीनंतर दरवर्षी चार-पाच मुलं गळतात. करिअरवर व्याख्यानं ठेवली, तक्ते लावले, पण फरक पडत नाही. काय चुकतंय? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : व्याख्यानच चुकतंय. दीड तासात पन्नास कोर्सांची नावं ऐकून घरी गेलेल्या पोराला उद्या सकाळी शाळेत कशासाठी जायचं, हे काही कळत नाही. त्यातून ही व्याख्यानं बहुधा दहावीला होतात, म्हणजे जायचा तो गेल्यावर. सुरुवात आठवीच्या दुसऱ्या सत्रात करा. नववीत शिक्षणहक्क कायद्याचं कवच संपतं, अनेकांची शाळा बदलते, एसटीचा प्रवास सुरू होतो आणि गणित एकदम अंगावर येतं.

एका मुलामागे वीस मिनिटं आणि एक फुलस्केप कागद पुरतो. कागद उलट्या क्रमाने भरायचा. सर्वांत वर मुलाला करायचं असलेलं काम. त्याखाली त्या कामाला कोणता दाखला मागतात, मग त्यासाठी दहावीत काय लागतं आणि तळाशी या महिन्यात काय करायचं ते. "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं की "डॉक्टर" म्हणून पोरं सुटका करून घेतात. त्याऐवजी सुट्टीत कुठं काम केलं आणि त्यातलं काय जमलं, ते विचारा.

समजा पोरगा म्हणाला, "गॅरेज टाकणार, शाळा कशाला?" वाद घालू नका, कागद भरा. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन-दोन वर्षांचे. दोन्हींना दहावी पास लागते. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचं तर सोपं आहे. पोलीस शिपायाला बारावी लागते. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. म्हणजे ३५ वर काठावर सुटलेला गडी १६०० मीटर कितीही जोरात धावला तरी भरतीत अडकतो. हा एक आकडा जे काम करतो, ते कुठलं व्याख्यान करत नाही.

बिघडतं ते पुढे. कागद भरून कपाटात जातो. तो मुलाच्या वहीत चिकटवा, दर शनिवारी पाच मिनिटं बघा आणि हजेरीपटाशी जोडा. सलग तीन दिवस गैरहजर दिसला की चौथ्या दिवसाची वाट न बघता घरी निरोप जायला हवा. आणि ज्याला सहावीचं पुस्तक अडखळत वाचावं लागतं, त्याला आधी रोज अर्धा तास वाचन द्या, नाहीतर कागद शोभेचा.

तुमच्याकडची दिवाळीनंतरची गळती म्हणजे ऊसतोड, आई-बापांबरोबर मुलंही जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतली जाते आणि कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) किती, कोण कोण जाणार, हेही तेव्हाच ठरतं. नोव्हेंबरात घरी जाऊन समजावण्याला अर्थ नाही. श्रावण-भाद्रपदात जा आणि मूल आजीकडे राहणार की हंगामी वसतिगृहात, हे उचलीआधी ठरवा. दहावीचे बोर्डाचे फॉर्मही साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टोळ्या निघताना भरतात. नाव, जन्मतारीख आणि फोटो सप्टेंबरातच तपासून ठेवा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला नर्स व्हायचंय. "आता पुरे" असं घरचे म्हणतात. (एक आई, सातारा)

उत्तर : नर्सिंगचा एएनएम कोर्स असो की जीएनएम, बारावीशिवाय प्रवेश नाही. बीएस्सी नर्सिंग हवं असेल तर अकरावीला विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र घ्यावं लागेल. घरच्यांपुढे आधी खर्चाचा हिशोब मांडा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत असतो. आठवीतच एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा होते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,०००. त्यासाठी सातवीत ५५ टक्के, उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, ऐन वेळी तहसीलमध्ये रांग लागते.

प्रश्न : भाचा दहावीत गणितात नापास झाला आणि घरी बसला. आता? (एक मामा, नाशिक)

उत्तर : दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षेत गणित सोडवता येतं. दहावीला न बसताच शाळा सोडलेल्यांसाठी, बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. रागाच्या भरात शाळेतून आणलेला तो कागद घरात कुठं पडलाय, ते आजच शोधा.