पहिला किल्ट घेताना

अरे, मित्राच्या लग्नात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो चुण्यांचा घागरा, घालायचाय ना? मग एडिनबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर दुकानांबाहेर टांगलेले स्वस्त किल्ट लांबूनच बघ. बरेचसे ॲक्रिलिकचे असतात. माझा पहिला तसलाच होता. तासभर बसून उठलो तर मागच्या चुण्यांचा पार चुरगळा.

खऱ्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी! वाराला 16 औंसचं कापड घे, घोळ जड आणि सुरेख पडतो. 13 औंस उन्हाळ्यात बरं, पण वाऱ्यात फार उडतं. दुकानात किल्ट उलटा करून हाताचे टाके बघ. चुण्या मिटलेल्या असताना मागे टार्टनची, म्हणजे त्या रंगीत चौकड्यांच्या कापडाची, नक्षी सलग जुळायला हवी. लष्करी पद्धतीत मात्र मुद्दाम एकच रेघ पुढे आणतात.

जीन्सचं माप सांगू नकोस, फसशील. किल्ट बेंबीपाशी बसतो आणि गुडघ्याच्या मध्यावर संपतो.

जॅकेट भाड्याने घे, पैसे किल्टवर घाल. किल्टचे दोन पदर पुढे एकमेकांवर येतात; पिन फक्त वरच्या पदराला लाव, दोन्ही टोचलेस तर कापड फाटेल. आणि मोज्यात खोचायची ती छोटी सुरी परतीच्या विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, बाबा.